ठेक्याचा आवाज

दीप्तीच्या संगीताला ना पेटी लागायची, ना तबला. ब्राउझर उघडायचा, कोडच्या चार ओळी लिहायच्या, की लॅपटॉप वाजायला लागायचा. फक्त ठेका काही केल्या मनासारखा बसत नव्हता. शेवटी तिनं वडिलांचा खोकला गुपचूप फोनवर रेकॉर्ड केला, त्याचे बारीक तुकडे केले आणि कोडमधून एकामागोमाग वाजवले. ठेका असा बसला की ज्याचं नाव ते.

कोल्हापुरातल्या पहिल्याच कार्यक्रमात त्या ठेक्यावर अख्खा हॉल डोलला. वाजवून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "तो खालचा आवाज कसला गं? लई भारी हाय."

खोकल्याचा म्हणायची दीप्तीला लाज वाटली. "मशीनचा. आमच्या पप्पांच्या फौंड्रीतल्या," ती म्हणाली आणि तिनं चोरट्या नजरेनं पहिल्या रांगेकडं पाहिलं. पप्पांची खुर्ची रिकामी होती.

ती बाहेर आली. तिचे वडील बाबासो पायरीवर बसले होते. अंगात ठेवणीतला शर्ट, तोंडावर रुमाल गच्च दाबलेला, डोळ्यांत पाणी. त्यांनी आपला खोकला ओळखला, दीप्तीच्या मनात आलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पप्पा, बाहेर का आलासा?" तिनं खाली मान घालून विचारलं.

उबळ ओसरल्यावर त्यांनी रुमाल खिशात कोंबला आणि ते ओशाळून हसले.



"तुझ्या गाण्यात माझा खोकला नगो, म्हणून आलो गं भाईर."