पंच्याण्णव अंश

ऑल्डन किवेलाने घोट तोंडात घोळवला आणि सगळ्यांच्या देखत परत ग्लासात थुंकला.

"बाई, ही बिअर नाही. हा मॉल्टचा काढा आहे!"

हिवाळ्यातल्या रविवारची दुपार होती. कॅनडातल्या थंडर बेच्या कर्लिंग क्लबच्या हॉलमध्ये घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळाचे वीसेक जण जमले होते, आणि प्रत्येकाची बाटली ऑल्डन चाखून बघत होता. सगळे खो खो हसले. व्हर्ना स्टेस्कोही हसली, जरा उशिरा. पासष्टीची बाई, मंडळात नवी, आयुष्यातली पहिली बिअर घेऊन आलेली.

"दोन आठवडे झाले, एक बुडबुडा आला नाही," ती म्हणाली. "म्हणून तर विचारायला आणली. काय चुकलं?"

"यीस्ट कुठलं घातलंत?"

"गेल्या सभेत तुम्हीच निवडून दिलेलं. पुडीतलं, कोरडं."

"मग चुकायला जागाच नाही! नवख्यांना मी तेच देतो. पाण्यावर भुरभुरवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मॉल्टच्या गार झालेल्या रसात ओतायचं. पाणी किती गरम होतं?"

"पंच्याण्णव."

"पंच्याण्णव!" ऑल्डन मंडळींकडे वळला. त्याला आता रंग चढला होता. "ऐकलंत? बाईंनी यीस्टचा चहा केला! अहो, जिवंत असतं ते. जन्मात कधी पाव भाजला नाहीत का?"

"दर शनिवारी भाजते. त्याला कोमटच पाणी घेते. मला वाटलं, बिअरचं वेगळं असेल."

"पण हा आकडा तुम्हाला सांगितला कोणी?"

व्हर्नाने पर्समधून एक चिठ्ठी काढून उलगडली. ऑल्डन ती बघायला वाकला. अक्षर त्याचंच होतं. 'पाणी ९५. पंधरा मिनिटं.'

अंश कुठले, ते त्याने लिहिलंच नव्हतं. तो बिअर शिकला जुन्या अमेरिकन पुस्तकांतून. त्यातल्या फॅरनहाइटने पंच्याण्णव म्हणजे अंगाइतकं कोमट. व्हर्नाच्या थर्मामीटरवर मात्र, इथल्या सगळ्यांच्या घरी असतं तसं, सेल्सिअस होतं. तिने बिचारीने जवळजवळ उकळतं पाणी घेतलं होतं.

व्हर्ना त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. काय झालं ते तिला तिथेच वाचता आलं. तिने चिठ्ठीची घडी घातली.

"मीच चुकीचं वाचलं असेल," ती म्हणाली.

"चष्मा बदला, बाई!" मागून कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

ऑल्डनने तोंड उघडलं. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. "पुढची बाटली," तो म्हणाला.

पुढच्या तीन बाटल्यांची चव त्याला कळलीच नाही. व्हर्नाची खुर्ची रिकामी दिसली, तसा तो उठून बाहेर धावला. ती गाडीत खोकं ठेवत होती.

"ते अक्षर माझं होतं," तो म्हणाला.

"कळलं मला."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

व्हर्नाने डिकी लावली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना.

"एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी. एखाद्याची चड्डी ओली झाली, तर सगळ्या बसमध्ये त्याचं नाव घ्यायचं नसतं." तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जा आता आत. कोटसुद्धा न घालता आलात."