परतीचा कोड

कोड आला का, असं अण्णारावने दुसऱ्यांदा विचारलं. सुकन्याने पुन्हा मोबाईल बघितला. काहीच आलं नव्हतं.

अण्णाराव पार्सलची मोठी पिशवी उंबऱ्यापाशी टेकवून उभा होता. पन्नाशीचा माणूस. सोलापुरातल्या विडी घरकुल वसाहतीच्या गल्ल्यांत तो रोज पार्सलं पोचवायचा, आणि कुणाला परत द्यायचं असलं तर घेऊन जायचा. आज सुकन्याकडून दाराची साखळी परत न्यायची होती. आतून लावायची, दार चार बोटं उघडून बाहेर कोण आहे ते बघता येईल अशी. ॲपवर लिहिलं होतं, भरीव पोलाद, माणसाने धडक दिली तरी तुटणार नाही. आली ती प्लॅस्टिकची, वरून चंदेरी रंग दिलेली. सुकन्याने नुसती ओढून बघितली तर एक कडी उघडून हातात आली.

दुकानातून घेतली असती तर हा ताप झाला नसता. पण ती बाजारात जायचं टाळायची. तिच्या सासरची, सांगोल्याची माणसं सोलापुरात रोज येतात-जातात. कुणीतरी ओळखलं असतं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या नवऱ्याला, बिरुदेवला कळलं असतं. चार महिन्यांपूर्वी नवरा मेंढरं घेऊन रानात गेल्यावर ती चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन घरातून निघाली होती. तिचं डावं मनगट अजून नीट वळत नव्हतं. जुनं सिमकार्ड तिने एसटीच्या खिडकीतूनच फेकून दिलं होतं. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचं काम मिळालं, ही खोली मिळाली, लेक बालवाडीत जायला लागली. नवरा पुण्याला असतो, असं तिने शेजारणींना सांगितलं होतं.

कोड तर पाठवलाय असं दिसतंय, त्याशिवाय मला माल घेता येत नाही, असं म्हणत अण्णारावने आपला मोबाईल तिच्यापुढे धरला. नंबर पूर्ण दिसत नव्हता. पुढे नुसत्या फुल्या आणि शेवटी दोन आकडे. त्रेसष्ट.

सुकन्याने ते दोन आकडे पुन्हा वाचले.

तो बिरुदेवचा नंबर होता. ते ॲप त्यानेच कधीतरी तिच्या मोबाईलवर घालून दिलं होतं, स्वतःच्या नंबरावर. सिम बदललं, पण ॲप तेच राहिलं. पार्सल घेताना कोड लागला नव्हता, म्हणून तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि त्याच ॲपमध्ये तिने या खोलीचा पत्ता लिहिला होता. घर नंबर, गल्ली, शेजारचं किराणा दुकान, सगळं. म्हणजे आजचा मेसेज काही पहिला नव्हता. ऑर्डर दिली तेव्हा एक गेला असणार, पार्सल निघालं तेव्हा एक, पोचलं तेव्हा एक. मेसेजवर बोट ठेवलं की ऑर्डर उघडते आणि पत्ता समोर येतो. ऑर्डर देऊन आठ दिवस झाले होते.

तिने गल्लीत नजर टाकली. कोपऱ्यावर एक मोटारसायकल उभी होती. कुणाची ते कळेना. बालवाडी सुटायला अजून अर्धा तास होता, आणि लेक तिथे एकट्या बाईंच्या भरवशावर होती.

परत नको, राहू दे, असं ती म्हणेपर्यंत अण्णारावने ॲपमधलं बटण दाबून त्या नंबरावर फोन लावलासुद्धा होता. बायांचे कोड नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या मोबाईलवर जातात हे त्याला रोजचंच होतं. सवयीने त्याने स्पीकर चालू केला. सुकन्याने हात जोडले. तिचा चेहरा बघून अण्णाराव चपापला, पण तोवर तिकडे फोन उचलला गेला होता.

आवाज बाईचा होता. बाळाबाईचा. सासूचा.

सुकन्याने चौकट धरली. लग्न झाल्यापासून ती या आवाजाला भीत आली होती. बिरुदेव मारायचा तेव्हा ही बाई चुलीपुढून उठायची नाही. एक शब्द बोलायची नाही. मार थांबला की भाकरी थापायला म्हणून हाक मारायची.

पार्सलवाला बोलतोय, या मोबाईलवर एक कोड आलाय तेवढा हवा होता, असं अण्णारावने दबकत सांगितलं. कुठून बोलतोय ते त्याने सांगितलं नाही.

फोनमध्ये मागे कुठंतरी अंगावर पाणी ओतून घेतल्याचा आवाज येत होता. मधेच कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं सुकन्याने ओळखलं. बिरुदेव आंघोळ करत होता.

“ती तितं हुबी हाय का?” बाळाबाईने विचारलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

अण्णारावने सुकन्याकडे बघितलं. तिने जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून.

“बोलू नगं म्हनावं. निस्तं ऐक.”

आणि म्हातारी आकडे वाचायला लागली. शाळेतल्या पोरीसारखी, एकेका आकड्यावर थांबत. सहा आकडे झाले. अण्णारावने ते दाबले. मोबाईल टिंग वाजला. त्याने साखळीचं खोकं पिशवीत टाकलं, पण फोन बंद केला नाही.

पलीकडचं पाणी थांबलं होतं.

“मागचं तीन मेसेज म्याच पुसलं,” बाळाबाई घाईघाईने म्हणाली. “ह्योबी पुसते. पर तिला म्हनावं, नंबर बदल. दर खेपंला फोन माज्याच हातात असंल असं न्हाय.”