पान एकशे बारा

भाच्याचे पत्र नऊ वर्षे शब्दकोशात पडून होते. म्हाताऱ्याला ते पाठ होते. ‘मामा, तुमच्या पुस्तकातलं पान एकशे बारा. अगदी तसंच केलं. लिनक्स तयार करून मेमरी कार्डावर चढवलं, बोर्ड सुरू केला. पडद्यावर ‘स्टार्टिंग कर्नल’ एवढं उमटतं आणि पुढे चिडीचूप. साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. पुस्तकात काही चूक आहे का? नसेल तर मीच या कामाचा नाही, असं समजेन.’

उत्तर गेले नाही. शनिवार उलटला. भाचा आता एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो.

आज बहीण आली ती पिशवी घेऊनच. पिशवीत तळहाताएवढा संगणकाचा बोर्ड, तारांचे भेंडोळे आणि पुस्तकाची पहिली आवृत्ती. आत मामाची सही.

“दादा, माळा आवरताना निघालं. तुझा भाचा टाकून दे म्हणाला. म्हटलं, तुझ्या उपयोगी पडेल.”

“पुस्तकाबद्दल काही बोलला?”

“तो काय बोलणार! मामाचं पुस्तक चुकायचं नाही, माझंच डोकं म्हणजे मडकं, हे त्याचं ठरलेलं. त्याचा पोरगा गणितात नापास झाला, तर म्हणे, माझ्यावर गेलाय.”

म्हाताऱ्याने जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडला, तारा संगणकाला जोडल्या, वीज दिली. चार ओळी आल्या. ‘स्टार्टिंग कर्नल’. मग काहीच नाही.

“मेलं वाटतं,” बहीण म्हणाली.

त्याने बोर्ड पुन्हा सुरू केला आणि मध्येच थांबवला. बोर्डाने आपल्या ओळी कुठल्या पोर्टमधून बाहेर पाठवायच्या, त्याचा क्रमांक पुस्तकात शून्य दिला होता. कुठलेही पुस्तक न उघडता त्याने तिथे दोन टाकला. पडदा भराभर ओळींनी भरत गेला. सगळ्यात खाली यंत्राचे नाव उमटले. भाच्याने ठेवलेले: ‘मामा’.

“म्हणजे हे चालत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. बोलतही होतं. पण एका दाराशी, आणि तो बिचारा कान लावून बसला दुसऱ्याच दाराशी.”

“अगं बाई! आणि तुला हे आज कळलं?”

“हो,” तो म्हणाला.

“मग लिही त्याला. माझ्यासमोर. तुझा काय भरवसा!”

त्याने लिहिले: ‘चूक तुझी नव्हती, माझ्या पुस्तकाची होती. आज बोर्ड चालवून पाहिला तेव्हा लक्षात आलं.’ बहिणीने दोनदा वाचले, पदराने डोळे पुसले आणि गेली.

जिन्यावरची तिची पावले विरली, तरी पाकीट उघडेच होते. मग त्याने दुसरे वाक्य खोडले. कपाटातल्या मागच्या रांगेतून पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यातले पान एकशे बारा ब्लेडने कापले; त्यावर पोर्टचा क्रमांक दोनच होता. मग मनोगताचे पान कापले. ‘या आवृत्तीत पान ११२ वरील एक अंक सुधारला आहे,’ असे त्यात होते. खाली त्याची सही होती आणि तारीख होती नऊ वर्षांपूर्वीच्या, भाच्याच्या मुदतीच्या त्या शनिवारच्या आदल्या दिवसाची.

दोन्ही पाने त्याने पत्रासोबत पाकिटात घातली आणि पाकीट कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकले.