पाच कप, पाचही घरचे

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या टिल्डेन क्रीक गावाच्या फास्टबॉल, म्हणजे तिकडच्या सॉफ्टबॉलच्या, संघाने प्रांताचा कप पाच वेळा जिंकला होता. त्या संघाचा इतिहास लिहायला शाळेतल्या मार्नी बाई वही घेऊन म्हाताऱ्या लॉर्नच्या व्हरांड्यात येऊन बसल्या. पाचही अंतिम सामन्यांत चेंडू टाकला होता तो लॉर्ननेच.

"हात खालून असा गरकन फिरवायचो," लॉर्न दंड चोळत म्हणाला, "की बॅट हलेपर्यंत चेंडू मागच्याच्या हातात गेलेला असायचा. समोरचे नुसते बघत राहायचे बिचारे."

बाईंनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. "पण पाचही कप इथेच, आपल्या मैदानावर जिंकलात. बाहेर एकदाही नाही, ते कसं?"

"बाहेरची माती वाईट," लॉर्नने विषय मिटवला.

त्याची बायको वेल्मा कॉफी घेऊन आली होती. ती बाईंच्या शेजारी टेकली.

"मातीचं लिहा हो, पण हेही लिहा. सामन्याआधी पाहुण्यांना आम्ही बायका जेवायला वाढायचो. भाजलेला हॅम, लोण्यात घोटलेले बटाटे, आणि वर सफरचंदाच्या केकचे तीन-तीन तुकडे. ते संपवल्याशिवाय एकालाही उठू द्यायचो नाही. आपल्या गड्यांना मात्र नुसतं सूप. केक संपला म्हणून सांगायचो."

दंड चोळणारा लॉर्नचा हात थांबला. तो बायकोकडे वळला.



"म्हणजे," तो म्हणाला, "केक शिल्लक असायचा?"