ट्रेलर होईपर्यंत

डावा दिवा आज परत लागला नाही.

"काल तर लागत होता!" शार्दूलने गाडीत बसून पुन्हा दोन्हीकडचे इंडिकेटर दिले. मागे ट्रेलरचा उजवा दिवा टिकटिकला. डावा ढिम्म.

"अर्थिंग असेल, जावईबापू," अनिलराव म्हणाले. हा शब्द ते नुकताच एका व्हिडिओत शिकले होते. "म्हणजे परत सगळं उघडा."

"उघडू या की, बाबा. घाई काय आहे?"

अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये सकाळपासून पावसाची भुरभुर चालू होती. धुकं एवढं की समोरचं घर कुणीतरी अर्धं पुसल्यासारखं दिसत होतं. गॅरेजमध्ये ताज्या रंगाचा वास. मधोमध तो उघडा ट्रेलर, स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची गाडी वाहून न्यायचा. एकाच्या परसात पडून होता, तिथून आणलेला. आणला तेव्हा नुसता गंज, आणि फळ्यांमधून गवत उगवलेलं. स्नोमोबिल शार्दूलच्या मित्राची, नकुलची. ट्रेलर झाला की पहिल्या बर्फात तिघांनी डोंगरावर जायचं, असं ठरलं होतं.

अनिलराव म्हणजे शार्दूलचे सासरे. सांगलीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. हिमनदी, हिमरेषा, सगळं पांढऱ्या खडूने. खरा बर्फ बघितला तो फ्रीजमधला. सासूबाई गेल्यावर मुलगी यामिनी त्यांना इकडे घेऊन आली, तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद.

"मुलीच्या घरी किती राहायचं? पहिला बर्फ बघतो आणि निघतो."

यामिनीला तेच नको होतं. सांगलीच्या फ्लॅटमध्ये ते पडदे लावून चहा-बिस्किटांवर राहत होते, हे शेजाऱ्यांनी कळवलं तेव्हा तिला समजलं होतं. "परत गेले तर संपतील रे ते," ती शार्दूलला म्हणाली होती. "तू काहीतरी कर. जावयाचं ऐकतील."

म्हणून ट्रेलर. अर्धं काम टाकून निघणाऱ्यातले बाबा नव्हते. काम संपलं नाही, तर बाबा जाणार नाहीत. इतकं सोपं गणित.

शार्दूल सकाळी दाढी करायचा, खोलीचं दार लावून मोठ्याने मीटिंग करायचा, मग लॅपटॉप मिटून गॅरेजमध्ये यायचा. आणि काम पुढे सरकू नये याची काळजी घ्यायचा. बेअरिंग चुकीच्या मापाचं मागवलं. रंगाचा डबा उघडा ठेवून साय धरू दिली. बाबा आंघोळीला गेले की एखादा स्क्रू ढिला.

गंमत म्हणजे हल्ली त्याला फार काही करावंच लागत नव्हतं. नीट बसवलेली फळी सकाळी तिरकी झालेली असायची. ग्रीसमध्ये माती सापडायची. ट्रेलरलाच जणू कुठे जायचं नव्हतं.

दुपारी दोघं त्याच्यावरच पाय सोडून चहा प्यायचे. बाहेर धुकं हलायचं. मग थोड्या वेळाने वाटायचं, धुकं जागच्या जागी आहे आणि ट्रेलरच हळूहळू चाललाय.

"बर्फ पडताना आवाज येतो का हो?" अनिलरावांनी विचारलं.

"नाही येत. उलट असलेले आवाज पण जातात."

"हे पुस्तकात नव्हतं," ते म्हणाले.

संध्याकाळी नकुल आला. "काय यार, अजून चालूच? काका, ताजमहाल बांधताय का?"

"ताजमहालाला इंडिकेटर नव्हते, नकुल. म्हणून लवकर झाला."

नकुल हसत खाली वाकला. वायर सोलली, पिळली, टेप मारली. "दे रे आता इंडिकेटर." दोन्ही दिवे टिकटिकले. गॅरेजच्या भिंती लाल होत राहिल्या. "एवढ्यासाठी अडलेलात? डोंगरावर बर्फ पडतोय. उद्या सकाळी निघायचं. नो एक्स्क्यूजेस."

तो गेला. दोघं दिव्यांकडे बघत राहिले.

"झाला म्हणायचा," अनिलराव म्हणाले.

"हो ना."

"छानच झाला."

"हो."

"मग आता तिकिटाचं बघायला हवं."

रात्रीच्या जेवणाला यामिनीने वांग्याचं भरीत केलं होतं, बाबांच्या आवडीचं. कुणीच दुसऱ्यांदा घेतलं नाही.

सकाळी धुकं विरळ झालं आणि पलीकडचा डोंगर दिसला. वरून पांढरा, खालून निळा, मध्ये कुणी ओढल्यासारखी सरळ रेघ. यामिनी ऑफिसला गेली होती. नकुल यायला अजून वेळ होता. शार्दूल खिशात पक्कड घालून गॅरेजकडे निघाला. दिवे, गाडीला जोडायचा कपलर, बेअरिंग, हाताला जे लागेल ते. आज ट्रेलर हलता कामा नये.

दार किलकिलं होतं. आतून अनिलरावांचा आवाज आला. ते फोनवर होते, सांगलीला धाकट्या भावाशी बोलत होते.

"नाही रे जगन्नाथा, तिकीट नको काढूस. बर्फाचं काय घेऊन बसलास, तो टीव्हीवर पण दिसतो... अरे, पोराची नोकरी गेलीय. यामिनीला पण बोलला नाहीये. रोज दार लावून मीटिंगा करतो, मी ऐकतो ना, पलीकडे कुणी नसतंच... मी कसं विचारू? जावई आहे. हे काम आहे म्हणून सकाळी उठतो, दाढी करतो. हे संपलं की काय करेल?... थांब, तुला जरा खाली ठेवतो. चाकातली हवा सोडायला दोन्ही हात लागतात."