धापूची घाई

धापू खाटेवर नव्हती. तिचं पोर, कालू, एकटंच पडलं होतं, दाराकडे डोळे लावून.

"पहाटेच गेली," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली. "‘अभी आती हूँ’ म्हणाली. याच्याकडे जरा बघ म्हणाली."

सुरुचीने वॉर्डभर नजर फिरवली. नवऱ्याची रेल्वेत जयपूरला बदली झाली, बनी पार्कातल्या नव्या घरात करमेना, म्हणून तिने कुपोषित मुलांच्या या वॉर्डात आहारतज्ज्ञाची नोकरी धरली होती. खेड्यांतून आलेल्या आया उपचार अर्धवट टाकून पोरांना घेऊन निघून जातात, हे तिने पाहिलं होतं. पण पोरालाच टाकून?

कालच दोघींचं वाजलं होतं. आल्या दिवसापासून धापूने एकच धोशा लावला होता, "मॅडमजी, छुट्टी दे दो." आणि कालू तर आत्ता कुठे वाटीभर दलिया संपवू लागला होता. शेवटी सुरुची भडकली.

"पोटच्या पोरापेक्षा तुला घर जास्त झालं का गं?"

"घर नाही, मॅडमजी..." एवढंच पुटपुटून धापूने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

आता ते बोलणं सुरुचीला टोचत होतं. आपण तोडून बोललो म्हणून गेली का? की खरंच नको होतं तिला हे लेकरू? गावाकडचा फोन लागेना. कालूला भरवताना तिचं निम्मं लक्ष दाराकडे. दुपारी तिला राहवेना. रिक्षा करून तिने सिंधी कॅम्पचा बसस्टँड गाठला, सगळे फलाट पालथे घातले. घागरा-ओढणीतली प्रत्येक पाठमोरी बाई तिला धापूच वाटायची. वळली की चेहरा दुसराच.

परतली तेव्हा डॉक्टर पोलिसांना कळवायचं म्हणत होते.

"थोडं थांबू या," ती म्हणाली. कशाच्या भरवशावर, तिचं तिलाच कळलं नाही.

दिवेलागणीला धापू दारात उभी राहिली. पाय धुळीने माखलेले, ओठ सुकलेले. कडेवर ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं.

"कुठे होतीस? पोराला असं टाकून जातात?" सुरुची ओरडलीच.

धापूने ओढणी बाजूला सारली. आत एक मुलगी होती. कालूचंच नाक, कालूचेच डोळे. पण कालूसुद्धा आला तेव्हा इतका वाळलेला नव्हता. सुरुचीने नकळत हात पुढे केले. मुलगी हातात आली, पण हाताला भार असा जाणवलाच नाही.

"जुळी आहेत, मॅडमजी," धापू दम खात म्हणाली. "घरच्यांनी दवाखान्यात एकालाच आणू दिलं. मुलाला."