मागे राहिली ती

फासे टाकत गोष्ट रचायच्या त्या खेळात ताईचं पात्र, एक धनुर्धारी, किल्ल्यात पकडलं गेलं. खेळ चालवणाऱ्या मामेभावाने बाकीच्यांना, खेळातही ताईची बहीणच झालेल्या धाकटीलाही, शेजारच्या खोलीत पाठवलं आणि किल्लेदाराच्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "बोल, तुझी धाकटी बहीण कुठे लपलीय?"

"जीव गेला तरी सांगणार नाही."

फासे पडत गेले. धनुर्धारीचे केस गेले, बोटं गेली, डोळ्यांतला उजेडही गेला. दोन वर्षं ताईने लेकरासारखं वाढवलेलं ते पात्र. तरी ताईने पत्ता सांगितला नाही. शेजारून धाकटीचं हसणं ऐकू आलं, तशी ताई म्हणाली, "सोडवायला येतायत बघ माझी माणसं. मग तुझी काही खैर नाही."

मामेभावाने फासे मुठीत घट्ट धरले. त्याला ते टाकवेनात.

"ताई, ते केव्हाच नदीपार झाले गं. तू आत असताना किल्ल्याच्या दाराला बाहेरून कडी धाकटीनेच घातली."

"तिने? का?"

"एकाला मागे ठेवलं तरच बाकीचे निसटणार होते. ती म्हणाली, ताईला ठेवा. ताई मरेल, पण माझा पत्ता सांगायची नाही."